कर्ज जमवणारे नाना

नानांच्या ऑफिसात पहिल्यांदा येणारा माणूस निम्म्या जिन्यातून परत फिरायचा. दारावरची पाटीच तशी होती. वरच्या अर्ध्या भागात सनई, चौघडा आणि एकमेकांत गुंफलेले दोन हार. खालच्या अर्ध्या भागात, दुसऱ्याच पेंटरनं दुसऱ्याच रंगात रंगवलेलं 'गृहकर्ज सल्ला व मार्गदर्शन'. नाशकात, इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकमागच्या गल्लीत ही पाटी अजून आहे. घरासाठी कर्ज हवं असलेला माणूस सनई बघून उतरून जायचा आणि मुलीची पत्रिका घेऊन आलेली एखादी आई मात्र निर्धास्त आत येऊन बसायची. "मुलगी बी.कॉम. आहे, उंची चांगली आहे," असं तिनं सुरू केलं की नाना तिचं सगळं ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि मग हळूच सांगायचे, "बाई, लग्नं जमवणं मी सोडलं. आता कर्जं जमवतो. काम तेच आहे, फक्त याच्यात वरात नसते."

"अहो नाना, ती पाटी एकदाची बदला ना," मी म्हणायची.

"का? वरची निम्मी चांगली आहे की. त्या पेंटरनं हारातलं एकेक फूल काढलंय. मी नाही पुसणार."

मी त्यांच्याकडे पाच-सहा वर्षं काम केलं. मला नोकरी कशी मिळाली ते पुढे सांगते, कारण ती एक वेगळीच गंमत आहे. गंमत आता म्हणते हं. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले होते.

नाना दिसायला साधे. बुशशर्ट, खिशाला पेन, आणि भर एप्रिलमध्येसुद्धा पायात मोजे. मोजे का, तर लग्नं जमवायच्या दिवसांत एकदा मुलाकडच्यांसमोर चप्पल काढल्यावर त्यांचा सुजलेला अंगठा सगळ्यांना दिसला आणि बोलणी बाजूला राहून तासभर अंगठ्यावरच्या घरगुती औषधांची चर्चा झाली. तेव्हापासून मोजे. दुसरी गोष्ट म्हणजे अडकित्ता. स्वतः सुपारीच्या खांडाला शिवत नसत, पण पिशवीत पितळी अडकित्ता आणि मूठभर सुपाऱ्या कायम. समोरचा बोलत असला की हे कट्-कट् कातरत बसणार. कातरलेली सुपारी मग जाता जाता कुठल्यातरी वॉचमनच्या हातावर ठेवणार. त्यांच्या येण्याची आमच्या भागातले सगळे वॉचमन वाट बघायचे.

त्यांनी वधूवर सूचक मंडळ का बंद केलं ते त्यांनी मला सांगितलं, पण मी चांगली जुनी झाल्यावर. त्यांनी जमवलेल्या एका लग्नातल्या मुलाची नोकरी साखरपुड्याआधीच सुटली होती. पठ्ठ्या लग्न होईपर्यंत रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचा, गोदावरीच्या काठी बसून तो डबा खायचा आणि संध्याकाळी दमल्यासारखा चेहरा करून घरी यायचा. त्याच्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. नव्हतं ते मुलीकडच्यांना आणि नानांना. लग्नानंतर ती मुलगी ऑफिसात आली. भांडली नाही की रडली नाही. एवढंच म्हणाली, "नाना, नोकरी नाही हे सांगितलं असतं तरी मी कदाचित हो म्हटलं असतं. मला विचारायला तर हवं होतं."

"बास," नाना म्हणाले, "तिथंच माझं दुकान बंद झालं."

"मग कर्जाच्या धंद्यात काय सगळे खरंच बोलतात?"

"छे! इथं तर जास्तच थापा. पण इथं मला बैठक घेता येते."

ही बैठक म्हणजे नानांचं खास प्रकरण. आपल्याकडे लग्न ठरवताना दोन्हीकडची मोठी माणसं एकत्र बसतात, देण्याघेण्याचं, मानपानाचं सगळं तोंडावर बोलून घेतात, तशीच बैठक नाना कर्जासाठी घ्यायचे. अर्ज बँकेत द्यायच्या आधी अर्जदाराच्या घरी जायचं, सतरंजीवर बसायचं, आणि घरातलं एकूण एक माणूस समोर हवं. त्यात हयगय नाही. खायला पोहेच हवेत, बिस्किटं चालणार नाहीत. बिस्किटं म्हणे लोक पाहुण्याला कटवण्यासाठी देतात. पोहे केले म्हणजे माणूस तासभर तरी हलणार नाही हे घरानं मान्य केलं. मग प्रश्न. घरात कोण कोण राहतं? कोणाचं औषध चालू आहे? कोणाचं कोणाशी पटत नाही? नवीन घरात कोण कोण येणार? दुसरे एजंट पगाराची कागदपत्रं घेऊन संध्याकाळी फाइल पुढे पाठवायचे. नाना मात्र सुनेला विचारत बसायचे, की बाई, तुझ्या माहेरी पैसे पाठवतेस का, आणि पाठवत असशील तर नवऱ्याला माहीत आहे का. असल्या प्रश्नांनी किती घरांत ठिणग्या उडाल्या असतील ते देवालाच ठाऊक. लोक चिडायचे, उठून जायचे, आणि दोन दिवसांनी गुपचूप परत यायचे.

खोटं पकडायची त्यांची रीत मात्र अजब होती. ते काहीच म्हणायचे नाहीत. कोणी थाप मारली की अडकित्ता थांबायचा. अर्धी सुपारी पात्यात तशीच, आणि नाना समोर बघत गप्प. ती शांतता भल्याभल्यांना सहन व्हायची नाही. मी स्वतः बघितलंय, एका सरकारी साहेबांनी आठ-दहा सेकंदांत कबूल केलं होतं की धाकट्या भावाच्या जीपला ते जामीन आहेत.

दिंडोरीची बैठक तर मी जन्मात विसरणार नाही. मुलगा तिकडच्या वाइनरीत नोकरीला, त्याला नाशकात फ्लॅट घ्यायचा होता. घरी द्राक्षबाग, आईवडील, सगळं नीट. पोहे आले, सोबत परातभर द्राक्षं आली. नानांनी विचारलं, "नव्या घरात कोण कोण राहणार?"

"आम्ही दोघंच," मुलगा म्हणाला.

त्याच वेळी त्याचे वडील म्हणाले, "आम्ही चौघं. लय दिवसांची इच्छा हाय ना आमची बी. छाटणी झाली का आम्ही यायचं तिकडं ऱ्हायला."

अडकित्ता थांबला. मुलगा सुनेकडे बघतोय, सून द्राक्षांकडे बघतेय. आणि वडिलांना कशाचा पत्ताच नाही, ते आपले खुशीत नानांना विचारतायत, "त्या बिल्डिंगीत ट्रॅक्टर लावाया जागा ऱ्हाती का हो?"

मला हसू आवरेना. तोंडात द्राक्ष कोंबून बसले. नानांनी पिशवी आवरली आणि मुलाला म्हणाले, "आधी घरात बोला. बँकेला काय सांगायचं ते आपण नंतर बघू." वर्षभरानं ती माणसं परत आली. बोलणं झालं होतं, थोडी आदळआपट झाली होती, आणि आता तळमजल्यावरचा फ्लॅट हवा होता, कारण वडिलांचे गुडघे. ट्रॅक्टर दिंडोरीतच राहिला.

तर आता माझं.

नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. कोर्टात तारखा चालू होत्या. का सोडलं ते इथं उगाळत नाही, सोडलं ते योग्य केलं एवढं मला पक्कं माहीत होतं. घरात आई, दादा, वहिनी आणि मी. भाड्याची दोन खोल्यांची जागा. मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी अंथरूण गुंडाळून ठेवायची, म्हणजे कोणी आलं तर दिसायला नको. आई सोसायटीत सगळ्यांना सांगायची, "माहेरपणाला आलीय." दोन वर्षांचं माहेरपण! समोरच्या गॅलरीतल्या काकू विचारायच्या, "अजून आहे का गं?" आणि मी म्हणायची, "हो ना, आईचा आग्रह." सगळ्यांना सगळं कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मला त्याचा फार राग यायचा, पण आईचा चेहरा बघून मी तोच पाढा वाचायची.

दादा अंबडच्या कारखान्यात होता. त्याला एका नव्या टॉवरमधला फ्लॅट हवा होता. त्या माहितीपत्रकात निळाशार स्विमिंग पूल होता आणि दादा ते पत्रक उशाशी घेऊन झोपायचा. कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की घरात खाणारी तोंडं जितकी कमी दाखवाल तितकं कर्ज जास्त बसतं. आणि त्याच माणसानं नानांचं नावही सुचवलं, बैठकीसकट. झालं! दादानं ठरवलं, बैठकीच्या दिवशी मला त्र्यंबकेश्वराला पाठवायचं.

याचं मला नवल वाटलं नाही हो. आमच्या मोठ्या मावशीचं लग्न जमत नव्हतं तेव्हा धाकटीला बघायला पाहुणे आले की मोठीला असंच दिवसभर कुठेतरी पाठवत. घरात चालत आलेलीच रीत ती. वहिनीनं मला डबा बांधून दिला. तिचे डोळे भरले होते, पण डबा दिला. आईनं सांगितलं, "अभिषेकाचं बघून ये, घाई करू नकोस." म्हणजे संध्याकाळपर्यंत येऊ नकोस.

मी गेले. आणि काय तिथं गर्दी! रांग कुशावर्ताच्याही पलीकडे गेलेली. ऊन मी म्हणत होतं. मी बाहेरूनच कळसाला हात जोडले, म्हटलं महादेवा, तुलाही आज मी नकोच दिसतेय, आणि परतीची बस धरली. वाटलं, एव्हाना तो माणूस पोहे खाऊन गेला असेल.

तो कुठला जातोय! आमच्या दारात अनोळखी चप्पल, दार सताड उघडं, आणि सतरंजीवर मोजे घातलेले एक गृहस्थ. समोर पोह्यांची बशी, तिला हात न लावलेला. मला नंतर कळलं, नानांनी विचारलं होतं, "घरात कोण कोण?" दादा म्हणाला, "आम्ही तिघं." आणि तेव्हापासून, म्हणजे चांगला अर्धा तास, अडकित्ता थांबलेला होता. हवापाण्याच्या गप्पा चालू, पण पोह्यांना हात नाही.

मला बघून वहिनी ताडकन उठली. "या या! ह्या शेजारच्या."

आता मी काय करणार? म्हटलं, "विरजण मागायला आले होते."

असं म्हणून मी सरळ स्वयंपाकघरात गेले. तोंड सुकलेलं, डोकं चढलेलं, सवयीनं फ्रिज उघडला, बाटली काढली, घटाघटा पाणी प्यायले आणि दार गुडघ्यानं ढकलून लावलं. आमच्या फ्रिजचं दार एरवी लागतच नसे. मग पर्स दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि थाप निभवायला विरजणाची वाटी घेऊन बाहेर आले. हे सगळं सतरंजीवरून दिसत होतं, हे मला कुठं ठाऊक!

"ताई," नाना म्हणाले, "तुमच्या घरचा फ्रिजसुद्धा गुडघ्यानंच लागतो वाटतं?"

दादा खोकला. मी विरजणाची वाटी हातात धरून उभी.

"बसा ना," नाना म्हणाले. "शेजारच्यांना सगळं माहीत असतं. सांगा बरं, या घरात कोण कोण राहतं?"

मी बसले. एक बोट मोडलं, "हे दादा... म्हणजे हे भाऊसाहेब." दुसरं मोडलं, "ह्या वहिनी." आणि तिसरं बोट आईकडे करत मी म्हणाले, "आणि ह्या काकू."

आई तेव्हा नानांना पाणी देत होती. तिनं तांब्या खाली ठेवला. ठेवला कसला, आदळलाच.

"काकू?" ती म्हणाली. "काकू काय म्हणतेस गं मला? आई आहे मी तुझी!"

आणि मग ती जी रडायला लागली! वहिनी रडायला लागली. मी विरजणाची वाटी घेऊन हसतेय की रडतेय मलाच कळेना. दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "अहो, ती कायमची थोडीच राहणार आहे. केस चालूय. काहीतरी होईलच ना. म्हणून नाही दाखवलं."

नाना शांतपणे म्हणाले, "दाखवू नका की. पण लपवलेलं माणूस जेवायचं थांबतं का? आजारी पडायचं थांबतं का? बँक नाही फसत हो, फसता तुम्ही. तिघांच्या खर्चावर हप्ता बसवाल आणि चौघं राहाल. सहा महिन्यांत या घरात एकमेकांची तोंडं बघवणार नाहीत. आणि सगळा राग निघेल कोणावर, तर हिच्यावर."

मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "ताई, तुम्हाला इथं राहायचंय का?"

दोन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, दादानं नाही, वकिलानं नाही. मला परत जायचंय का, हे सगळे विचारायचे. मी तडजोड करीन का, हे विचारायचे.

"हो," मी म्हणाले. "राहायचंय. आणि मी काम शोधीन. पण सकाळी अंथरूण लपवणार नाही."

हे शेवटचं कुठून आलं कोण जाणे. दादा चटकन माझ्याकडे वळला. अंथरुणाचं त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं, शप्पथ सांगते. पुरुषांचं असंच असतं. त्याचा चेहरा इतका उतरला की मलाच त्याची दया आली.

कट्. अडकित्ता चालू झाला. नानांनी पोह्यांची बशी ओढली आणि पहिला घास घेऊन म्हणाले, "गार झालेत, पण लिंबू झकास पिळलंय."

कर्ज कमी बसलं, बसणारच होतं. टॉवर गेला. दादा आठवडाभर घुम्यासारखा बसला. मग एका रात्री जेवताना म्हणाला, "स्विमिंग पूल गेला आपला." मी म्हटलं, "तुला पोहता येतं का रे?" तो म्हणाला, "शिकलो असतो ना." वहिनीला ठसकाच लागला, आणि तिथं घरातली कोंडी फुटली. पाथर्डी फाट्याकडे एका जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. लिफ्ट नाही, पण खोल्या तीन. दादानं स्वतः सगळ्या खोल्यांतून फिरून पूर्वेकडची खोली ठरवली आणि मला म्हणाला, "ही तुझी. कडी आतून लागते, बघून घे." बहिणीशी गोड बोलणं त्याच्या बापजन्मात नव्हतं. त्याच्या मानानं हे फारच झालं.

पण फ्लॅट मिळाला तो नंतर. त्याआधी, अर्ज भरून झाल्यावर, नाना आमच्या भाड्याच्या घरी आले होते. बँकेतून चौकशीचा फोन येतो, त्यासाठी घरातल्या एकाचा नंबर द्यायचा असतो. दादा आपला नंबर सांगायला लागला.

"तुमचा नको," नाना म्हणाले. "आईंचा लिहू."

"अहो, तिला काय कळतंय त्यातलं?"

"ज्याला सांगायला सगळ्यात जड जातं ना, त्याचाच नंबर द्यायचा. बैठकीत बोलणं सोपं असतं हो. आपलीच माणसं. परक्यासमोर बोललं म्हणजे मग ते आपलं झालं." आणि मग माझ्याकडे बघून, "आणि तुम्ही सोमवारी दहा वाजता ऑफिसात या. मला फ्रिज गुडघ्यानं लावणारं माणूस पाहिजे. संकोच नसलेलं माणूस फाइली नीट सांभाळतं." याला म्हणे मुलाखत.

फोन आला तो सकाळी, आई गॅलरीत कपडे वाळत घालत असताना. मी आत गॅसपाशी होते. आईला फोन कानाला लावून बोलणं जमत नाही, ती नेहमी स्पीकर लावते. समोरच्या गॅलरीतल्या काकूंनी झाडू थांबवलेला मला खिडकीतून दिसला. वाटलं, आता आई म्हणणार, माहेरपणाला आलीय.

"मॅडम, घरात किती जण राहतात?" फोनवरच्या मुलीनं विचारलं.

"चौघं. मुलगा, सून, मी आणि माझी मुलगी."

"मुलगी शिकतेय का?"

"शिकतेय कसली, तिशी झाली तिची. नवऱ्याला सोडून आलीय." आईचा आवाज थोडा अडखळला, आणि मग जो चढला तो चढतच गेला. "हो, तिनं सोडलं. आणि बरं केलं सोडलं. मी तर म्हणते उशीरच केला. सोमवारपासून कामाला लागतेय ती. नाही नाही, आमच्याकडे राहायला तिची काही तक्रार नाही, आमचीही नाही."

समोरच्या गॅलरीत काकू झाडू घेऊन पुतळ्यासारख्या उभ्या. आईनं त्यांच्याकडे सरळ बघितलं, एक ओला टॉवेल झटकला आणि दोरीवर टाकला.

"म्हणजे सध्या तुमच्याकडे राहतात त्या," फोनवरची मुलगी म्हणाली.

"सध्या नाही हो," आई म्हणाली. "कायमची. लिहा बाई तुमच्याकडे, कायमची."